थर्मोस्टॅट बदलला नसल्याबाबत

गंगाखेडच्या एका अनुदानित महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक नचिकेत पेडगावकर यांनी एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी स्वतःच्या मोटारीचा थर्मोस्टॅट, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी बदलला. घटना एवढीच आहे. तीत कुणाला इजा झाली नाही, कुणाची भिंत पडली नाही. तरीही पुढं जे झालं ते पाहता, त्या सकाळी सरांनी एखाद्याचा बांध कोरला असता तर प्रकरण लवकर मिटलं असतं, असं गावातल्या जाणत्या माणसांचं मत आहे.

झालं होतं असं. परभणीहून परत येताना दैठण्याच्या अलीकडं गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. सरांनी गाडी लिंबाच्या सावलीत लावली, बोनेट उघडलं आणि हात जवळ नेऊन पाहिला. इंजिन तव्यासारखं तापलेलं, आणि रेडिएटरकडं जाणारी नळी मात्र गार. म्हणजे गरम पाणी वाटेतच अडलेलं. अडवणारा एकच असू शकत होता. थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली लहानशी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते, पाणी पुरेसं तापलं की आपणहून उघडते आणि पाण्याला थंड व्हायला पुढं सोडते. तिला शिफारस लागत नाही, वरून फोन लागत नाही. असली वस्तू आपल्याकडं फार काळ टिकत नाही.

गाडी गार करत करत सर गावात पोचले आणि महारुद्रच्या गॅरेजात गेले. महारुद्रनं नळी न चाचपताच निदान केलं.

"काढून फेकू सर. नवा बसवायचाच न्हाई."

"का?"

"हे थंड मुलकातलं खूळ हाय. तिकडं इंजिन गरम व्हायला टाइम लागतो. आपल्याकडं एप्रिलात बोनेटवर भाकर भाजती. अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांचे मीच काढलेत. एकाचीबी तक्रार न्हाई."

"तक्रार येणार कशी? आत असं काही असतं हेच कुणाला माहीत नसतं. काढला की इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं."

"जाऊ द्या की सर. जाणारं कुठं आपल्या डोळ्याला दिसतंय?"

सरांनी गाडी तशीच घरी आणली आणि परभणीच्या दुकानातून नवा थर्मोस्टॅट एसटीच्या पार्सलनं मागवला. तो शनिवारी आला. आणि नेमक्या त्याच शनिवारी महाविद्यालयात श्रमप्रतिष्ठा सप्ताहाचं उद्घाटन झालं.

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी रेशमी फीत बांधलेलं फावडं हातात घेतलं आणि पटांगणातल्या मातीच्या ढिगाला ते टेकवलं. पटांगणात मुरूम असल्यामुळं ही माती खास ट्रॅक्टरनं आणवली होती. फोटो निघाल्यावर ती त्याच ट्रॅक्टरनं परत गेली. मग अण्णासाहेब बोलले. "ज्याला स्वतःच्या घरातला खिळा ठोकता येत न्हाई, त्याची पदवी चुलीत घाला," असं ते म्हणाले. सगळ्या प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पेडगावकर सरांनीही वाजवल्या. फरक इतकाच, की त्यांना ते खरं वाटलं.

रविवारी सकाळी सरांनी जुना पायजमा घातला. रात्रभरात इंजिन पूर्ण गार झालं होतं. खाली घमेलं ठेवून त्यांनी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काढून घेतलं, नळी सुटी केली आणि झडपेवरचं झाकण खोलायला घेतलं. एक बोल्ट निघाला. दुसरा गंजलेला होता, तो जागचा हलेना. कन्या शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी हेमाताई चहा घेऊन बाहेर आल्या आणि थोडा वेळ नवऱ्याची झटापट बघत राहिल्या.

"अहो, असं काय करायलात? पान्याला लोखंडी नळीचा तुकडा घाला. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो. तुम्हीच शिकवता ना हे पोरांना?"

"शिकवतो. पण..."

"सरका तिकडं."

हेमाताईंनी बागेतल्या लोखंडी नळीचा एक तुकडा पान्यावर चढवला आणि पदर खोचून जोर लावला. बोल्टनं एकदा किर्र केलं आणि तो सुटला. मग दोघांनी जुना आणि नवा असे दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून गॅसवर तापत ठेवलेल्या पातेल्यातल्या पाण्यात सोडले. पाणी उकळीला येता येता नवा हळूच उघडला. जुना तोंड मिटून बसला. सर इतके खूश झाले की त्यांनी हेमाताईंना दोनदा हाक मारून ते दाखवलं. त्या शेजारीच उभ्या होत्या.

"छान. आता हे पातेलं दुधाला नाही वापरायचं," त्या म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

नवी झडप बसवून सर गळती अडवणाऱ्या नव्या गास्केटवर बोल्ट आवळत होते, हेमाताई टॉर्च धरून उभ्या होत्या, तेव्हा कुंपणावर शेजारचे भुजंगराव उगवले. भुजंगराव नोकरीतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून पूर्णवेळ गावाची काळजी करत होते.

"सर, काय तकलीफ हाय का?"

"काही नाही भुजंगराव. थर्मोस्टॅट बदलतोय."

"ते दिसायलंय. मी म्हणतो, घरात समदं ठीक हाय ना? शेजारी म्हणून विचारलं. मनात ठेवू नका."

"सगळं ठीक आहे."

'सगळं ठीक आहे' हे वाक्य ऐकल्यावर काहीतरी बिघडलंय याबद्दल भुजंगरावांच्या मनात शंका उरली नाही. त्यांनी फोन काढून फोटो घेतला. परक्या बाईचा फोटो टाकणं बरं दिसत नाही म्हणून हेमाताईंचा भाग कापला आणि उरलेले सर 'आपलं गंगाखेड' या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं: 'श्रमप्रतिष्ठा! आपले पेडगावकर सर.' हेतू चांगलाच होता. गावातली सगळी प्रकरणं चांगल्या हेतूनंच सुरू होतात.

पहिल्या तासात नमस्काराचे हात आले. दुसऱ्या तासात कुणीतरी विचारलं, 'पण सरांवर ही वेळ का यावी?' जेवणाच्या सुमारास दुसऱ्यानं कळवलं की सरांनी गॅरेज टाकलंय म्हणे. चहाच्या वेळेला पालमहून एका गृहस्थानं विचारलं, 'ट्रॅक्टर पण घेतात का?' सर तोवर कूलंट भरून, इंजिन चालू ठेवून, आतली हवा काढून, हात धुऊन झोपले होते.

सोमवारी अण्णासाहेबांनी बोलावलं. बाजूला प्राचार्य उभे होते. प्राचार्यांना स्वतःचं मत होतं, पण ते अण्णासाहेबांकडं ठेवायला दिलेलं असे.

"सर, हा फोटो तुमचाच ना?"

"हो."

"यात तुमी काय करायलात?"

"थर्मोस्टॅट बदलतोय."

"ते न्हाई विचारलं. का करायलात?"

"बिघडला होता."

अण्णासाहेबांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्यांनी खेदानं मान हलवली.

"शनिवारी तुम्हीच म्हणालात," सर म्हणाले, "घरातला खिळा..."

"म्हणालो. आजबी म्हणतो. श्रम करावेत सर, पण प्रतिष्ठा शिल्लक राहील असे करावेत. झाड लावा. झाडू मारा, आमी फोटोवाला पाठवतो. पण हे गाडीत मुंडकं घालून काळे हात करून घेणं, ह्याला श्रम म्हणत न्हाईत. ह्याला काम म्हणतात. कामाला माणसं असतात!"

मग प्राचार्यांनी एक निनावी अर्ज वाचून दाखवला. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकास अन्य व्यवसाय करता येत नाही. सबब गॅरेज चालवणाऱ्या प्राध्यापकावर कारवाई व्हावी. चौकशी समिती तिथल्या तिथं नेमली गेली. प्राचार्य अध्यक्ष, वाणिज्य विभागाचे प्रमुख सदस्य, आणि समाजाचा प्रतिनिधी तथा प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून भुजंगराव.

समितीचं कामकाज वाणिज्यप्रमुखांनी चालवलं. गार नळीपासून नव्या झडपेपर्यंतची सगळी हकीकत सरांकडून ऐकून घेतल्यावर ते प्रश्नांकडं वळले.

"बिल आहे का?"

"वस्तूचं आहे."

"मजुरीचं?"

"मजुरी मीच केली."

"म्हणजे मजुरी केली हे आपण कबूल करता."

"माझ्याच गाडीची केली हो!"

"मोबदला घेतला?"

"कुणाकडून घेणार? माझ्याकडून?"

"म्हणजे विनामोबदला. म्हणजे बाजारभाव पाडण्याचा प्रयत्न. लिहून घ्या." त्यांनी चष्मा सारखा केला. "आता नीट आठवून सांगा. गाडी आता गरम होते का?"

"नाही. अजिबात नाही."

समितीच्या सदस्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सरांनी आपलीच मान फासात दिली होती. काम सफाईदार झालं होतं हे सिद्ध झालं. सफाई सरावाशिवाय येत नाही. सराव एका गाडीवर होत नाही. अर्थात इतर गाड्या आल्या असल्याच पाहिजेत, आणि जिथं इतर गाड्या येतात त्या जागेला मराठीत गॅरेज म्हणतात. सरांची गाडी रस्त्यात पेटली असती, तर समितीनं त्यांना सन्मानानं निर्दोष सोडलं असतं.

"आपल्यासोबत आणखी कुणी होतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझी पत्नी. अडकलेला बोल्ट तिनंच सोडवला."

भुजंगरावांनी छताकडं पाहिलं. वाणिज्यप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. संस्थेच्या इभ्रतीचा विचार करून हा मुद्दा कामकाजातून वगळण्यात आला.

निलंबनाची शिफारस होणार हे उघड झालं. ही जागा मिळवण्यासाठी पेडगावकर सरांनी तासिका तत्त्वावर आपलं तारुण्य घालवलं होतं. जिंतूर, सेलू, पाथरी करत एसटीच्या खिडकीशी केस पिकवले होते. त्यांची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून ते बसून राहत.

हेमाताईंनी दोन दिवस पाहिलं आणि मग सांगून टाकलं. "नोकरी गेली तर माझा पगार आहे. आपण काही चोरी केली नाही. झाकायचं काय त्यात? उलट म्हणा, हो, बदलला, आणि परत बिघडला तर परत बदलू."

"तुला सोपं वाटतंय."

"सोपं नाही. पण खरं तेवढंच आहे."

अशा वेळी महारुद्र दारात आला. प्राचार्यांनीच त्याला पाठवलं होतं. समितीलाही सर अगदीच बुडावेत असं वाटत नव्हतं. बुडालेल्या माणसाच्या तासिका वाटून घ्याव्या लागतात.

"सर, मी लिहून देतो. थर्मोस्टॅट मीच बसवला, तुमी नुसते बाजूला हुबे होते."

"पण तू बसवला नाहीस, महारुद्र. तू तर बसवूच नका म्हणालास."

"सर, न केलेल्या कामाची मी रोज बिलं करतो. त्यात एक तुमचं. त्याचं काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर दोन कागद तयार होते. एक महारुद्रचा. दुसरा सरांचा. त्यात टंकलेलं होतं: 'छायाचित्रात मी इंजिनात पडलेली किल्ली शोधत आहे. मला मोटारदुरुस्तीचे कोणतेही ज्ञान नाही, पूर्वी नव्हते, व भविष्यात ते प्राप्त करण्याचा माझा इरादा नाही.'

सरांनी तो दोनदा वाचला. वीस वर्षं ते प्रयोगशाळेत पोरांवर ओरडत आले होते, की जे दिसलं तेच वहीत उतरवा. पुस्तकातलं उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवू नका. ते सगळं त्यांना त्या क्षणी आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मग त्यांनी सही केली.

घरी आल्यावर हेमाताईंनी विचारलं, "केलीत सही?"

"केली."

"काय लिहिलंय त्यात?"

"की मी किल्ली शोधत होतो."

"आणि मी?"

"तू फोटोत नाहीस हेमा."

हेमाताई ओट्याकडं वळल्या. ओट्यावर पोळ्या होत होत्या, त्या तशाच होत राहिल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी सरांना कॉलेजातलं काही विचारणं बंद केलं, आणि सरांना बरं वाटेल अशी एकच गोष्ट घरात उरली होती, ती गेली.

चौकशी मिटली. आठवडा झाला असेल नसेल, भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना अण्णासाहेबांचा फोन आला.

"सर, जरा बंगल्यावर येता का? गाडी तापायलीय. तीच नळी गार लागायलीय बघा, तुमी समितीत सांगितली ती."

"अण्णासाहेब, मला त्यातलं काही येत नाही," सर म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला जरा धार आली. "तसं लिहून दिलंय मी. कागद आपल्याकडेच आहे."

पलीकडं अण्णासाहेब मोकळं हसले.

"म्हणून तर तुमालाच बोलावलं! येत न्हाई असं ज्याचं लेखी हाय, त्याच्याच हातून केलेलं बरं. उद्या कुणी बोंबललं तरी सिद्ध काय होणार? महारुद्रला बोलावलं तर तो गावभर सांगतोय."

युक्तिवादात खोट नव्हती. सर हत्यारं पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून गेले. शेडचं शटर आतून ओढून घेतलं होतं. आत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. नवा थर्मोस्टॅट अण्णासाहेबांनी परभणीहून आधीच गुपचूप आणवून ठेवला होता. अण्णासाहेबांनी स्वतः टॉर्च धरला, पण तो बोल्टवर कधी पडला नाही. बहुतेक वेळ सरांच्या तोंडावरच होता. दोन तासांनी गाडी सुरू झाली आणि काटा जिथं असायला हवा तिथं येऊन थांबला.

"वा!" अण्णासाहेब म्हणाले. "लय हुशार माणूस हो तुमी. हे पोरांना शिकवायला पायजे."

आणि त्यांनी खरोखरच तसं घडवून आणलं. संस्थेला कौशल्य विकास केंद्र मंजूर झालं होतं. समन्वयक नेमायचा होता. कार्यकारिणीत दोन-तीन नावं आली. त्यांतल्या एकाचा भाऊ वेल्डिंग करतो म्हणून तो वगळला गेला, दुसरा स्वतःच घरचे पंखे दुरुस्त करतो असं ऐकिवात होतं. उद्या पुन्हा अन्य व्यवसायाची भानगड नको. आपल्याला कोणतंही कौशल्य नाही असा लेखी पुरावा ज्याच्या नावावर होता, असा माणूस संबंध संस्थेत एकच होता. पेडगावकर सरांची निवड एकमतानं झाली.

केंद्राच्या उद्घाटनाला सभागृह भरलं. मंचावर काचेच्या पेटीत एक इंजिन ठेवलं होतं आणि पेटीवर पाटी होती: 'हात लावू नये.' भुजंगराव पहिल्या रांगेत होते. महारुद्र स्थानिक उद्योजक म्हणून फेटा बांधून बसला होता. हेमाताई सगळ्यांत मागं, दाराजवळ होत्या. सरांनी पडद्यावर थर्मोस्टॅटचं चित्र दाखवलं आणि तो कधी उघडतो, कधी मिटतो हे इतकं सुंदर समजावून सांगितलं की अण्णासाहेबांची मान सतत डुलत होती.

प्रश्न विचारायला सांगितल्यावर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची राजनंदिनी उभी राहिली. बोरीची शेतकऱ्याची पोर, होस्टेलात राहणारी.

"सर, तुमी स्वतः कधी बदललाय का?"

पोरगी खोचकपणे विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कदाचित घरी जाऊन बदलायचाही असेल.

सरांनी समोर पाहिलं. भुजंगरावांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. महारुद्र फेट्याचा शेमला बघू लागला. सरांची नजर शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथं हेमाताईंनी ती आपल्या डोळ्यांनी धरून ठेवली. त्या वाट बघत होत्या. अजूनही.

"नाही," सर म्हणाले. "मला त्यातलं काही येत नाही."

पहिली टाळी अण्णासाहेबांची होती. एवढा मोठा माणूस, पण केवढा प्रांजळपणा! मग सभागृहच कडाडलं. हेमाताई उठल्या आणि बाहेर गेल्या. राजनंदिनीनं आधी इकडं तिकडं पाहिलं, सगळे टाळ्या वाजवतायत असं दिसल्यावर तिनंही वाजवल्या, आणि ती खाली बसली. तिनं पुन्हा कधी प्रश्न विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या सभागृहात क्वचितच असा फोन असेल, की ज्यात तो अंगणातला फोटो आलेला नव्हता. खरं काय ते जवळजवळ सगळ्यांनाच माहीत होतं आणि टाळ्या मनापासून होत्या. वाचक महोदय, आपण तिथं नव्हता हे मान्य आहे. आपण असता तर हात मांडीवर ठेवून गप्प बसला असता, किंबहुना उठून उभे राहिला असता, असं आपलं म्हणणं असणार. त्यालाही हरकत नाही. फक्त तेवढं लिहून द्या.